विहिरीत तासभर, समुद्रात वीस मिनिटं: हौशी ट्रायथलीटच्या श्वासाचं एक प्रकरण

मी कोल्हापुरात प्रौढांना पोहणं शिकवतो. त्यातले बरेचजण आता ट्रायथलॉनसाठी येतात. हे त्यांच्यातल्याच एकाचं प्रकरण आहे, त्यांच्या परवानगीने लिहिलेलं. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. आकडे आणि चुका मात्र जशाच्या तशा आहेत, माझ्याही. त्यांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. तिथली पोरं त्यांना 'मालक' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पार्श्वभूमी

मालकांचं वय तेव्हा ४३. धावणं उत्तम, सायकलिंग त्याहून चांगलं. पोहणं लहानपणापासूनचं. आठव्या वर्षी वडिलांनी पाठीला रिकामा डबा आणि कमरेला कासरा बांधून शेतातल्या विहिरीत सोडलं होतं. पंधरा दिवसांत डबा सुटला, महिन्याभरात कठड्यावरून मुटका. खोल पाण्याची भीती त्यांना कधी शिवली नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ते गोव्यातल्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये उतरले. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल, शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं मिळतात, म्हणजे दर १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद. तलावात मालक १९०० मीटर ५८ मिनिटांत पूर्ण करत. कागदावर बारा मिनिटं हातात होती.

प्रत्यक्षात सहाशेएक मीटरवर त्यांनी हात वर केला. कयाक, म्हणजे मदतीची छोटी होडी, आली. तिला धरून ते थांबले. नियमाप्रमाणे कयाक धरून विश्रांती घेता येते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. पुन्हा निघाले, तीसेक मीटर गेले, पुन्हा हात वर. विसाव्या मिनिटाला त्यांनी स्पर्धा सोडली.

डिसेंबरमध्ये ते माझ्याकडे आले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "सर, इहिरीत पडलो तर तासभर निघत नाही. मग हितं दम का लागतो?"

अडचण नेमकी कुठे होती

मिरामारनंतर त्यांना दोन प्रकारचे सल्ले मिळाले होते. एक, "तुम्ही घाबरलात." दुसरा, "दमसास कमी पडतो, लांब्या वाढवा," म्हणजे तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या फेऱ्या. दोन्ही सल्ले देणारी माणसं जाणती होती. पण माणूस विहिरीत वाढलेला, आणि अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत धावणारा. भीती आणि दमसास ही दोन्ही उत्तरं त्याला लागू पडत नव्हती.

तलावात उतरवून पाहिलं. पंचवीस मीटरचा तलाव. पुल-बॉय, म्हणजे मांड्यांमध्ये धरायचा तरंगता ठोकळा, न लावता ४०० मीटर ११ मिनिटं २० सेकंद, थोड्या विश्रांतीनंतर २०० मीटर ५ मिनिटं १० सेकंद. दोन वेळांतला फरक निम्मा केला की दर १०० मीटरचा टिकाऊ वेग ढोबळमानाने कळतो. तो आला ३ मिनिटं ५ सेकंद. स्पर्धेची मुदत गाठायला हाही पुरेसा होता. म्हणजे प्रश्न वेगाचा नव्हताच.

मग मी एका लांबीच्या शेवटी भिंतीजवळ बसून नुसतं पाहिलं. भिंत आली की मालक ती धरत, तोंड उघडून दोन मोठे श्वास घेत, आणि निघत. चार सेकंद. त्यांना स्वतःला ते थांबतात हे माहीतच नव्हतं. १९०० मीटर म्हणजे ७६ लांब्या, मधल्या ७५ भिंती. प्रत्येक भिंतीवर दोन मोकळे श्वास धरले तर दीडशे श्वास त्यांना पोहण्याबाहेर मिळत होते. समुद्रात भिंत नाही. ५८ मिनिटांचा तो आकडा खरा होता, पण तो भिंतीच्या उधारीवर उभा होता.

दुसरी गोष्ट पाण्याखालून कळली. वॉटरप्रूफ पाकिटात फोन घालून मी तो पाण्यात धरला. पडद्यावर जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे: गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, नाकाशी एकही बुडबुडा नाही. तीन हात तसेच जातात. मग मान एकदम वळते, डोकं पुढून वर येतं, आणि तोंड पाण्याबाहेर असतानाच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात आधी आतली हवा बाहेर, मग बाहेरची आत. त्या घाईत आत जाणार किती? वरचा एक घोट.

विहिरीचं कोडं इथे सुटलं. विहिरीत आपण सगळे डोकं वर ठेवून पोहतो. तोंड पाण्यात जातच नाही, त्यामुळे श्वास जमिनीवरच्यासारखाच चालतो. चेहरा पाण्यात गेला म्हणजे श्वास रोखायचा, ही सवय बुडी मारताना लागते आणि तिथे ती बरोबरच असते. मालकांनी फ्रीस्टाइल शिकताना बुडीतला श्वास उचलला होता. त्यांच्या शरीराच्या लेखी प्रत्येक तीन हात ही एक छोटी बुडी होती.

श्वास घेण्याची तीव्र ओढ आपल्याला लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. हवा आत कोंडून ठेवली की तो साचतो. छाती भरलेली असूनही गुदमरल्यासारखं होतं, आणि गुदमरलेला माणूस आणखी हवा आत ओढायला बघतो. त्यात पाण्याचा दाब छातीवर असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला जमिनीपेक्षा जास्त बळ लागतं. समुद्रात खारं पाणी नाकात गेलं, शेजाऱ्याची लाथ बसली, की हा फास आवळायला दोनशे मीटरही पुष्कळ होतात. बघणाऱ्याला ते घाबरणं वाटतं. घाबरणं असतंही, पण ते नंतर येतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मालकांचा स्वतःचा होता: लांब्या वाढवू, आठवड्याला तीनऐवजी पाच दिवस येतो. मी नको म्हटलं. चुकीचा श्वास आणखी हजार लांब्यांत पक्का झाला असता.

दुसरा पर्याय तलावावरच्या मंडळींचा: श्वास रोखून लांब्या मारा, आधी एक, मग दीड, मग दोन. याला मी ठाम नकार दिला, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगेन. श्वास रोखण्याआधी लोक जोरजोरात आठदहा श्वास घेतात. त्याने कार्बन डायऑक्साइड खाली जातो, श्वासाची ओढ उशिरा लागते, आणि ती लागायच्या आत ऑक्सिजन इतका उतरू शकतो की माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. ओरड नाही, हातपाय मारणं नाही. शेजारच्या लेनला पत्ताही लागत नाही. या एका गोष्टीवर माझ्याकडे सूट नाही. शिवाय मालकांचा आजारच श्वास रोखण्याचा होता, त्यावर तोच उतारा कसा चालेल?

तिसरा पर्याय म्हणजे समोरचा स्नॉर्केल, तोंडात धरून श्वास घ्यायची नळी. त्याने डोकं स्थिर राहतं, हात आणि शरीराची रेघ सुधारायला तो चांगला. पण स्पर्धेत चालत नाही, आणि मान वळवून श्वास घेण्याचा प्रश्न तो बाजूला ठेवतो, सोडवत नाही. तो नंतर थोडा वापरला.

चौथा पर्याय: ब्रेस्टस्ट्रोकने पूर्ण अंतर. ट्रायथलॉनमध्ये कुठलाही स्ट्रोक चालतो. मुदतीत बसण्याइतका त्यांचा ब्रेस्टस्ट्रोक होता. पण त्यात पाय खूप दमतात आणि पुढे ९० किलोमीटर सायकल असते. तो आम्ही अडचणीच्या वेळचा म्हणून राखून ठेवला.

पाचवा: तीन महिने अंतर, वेग, घड्याळ सगळं बंद. फक्त श्वास, पहिल्यापासून. हा आम्ही निवडला. मालकांना तो पटायला आठवडा लागला. रोज दोन तास घाम गाळणाऱ्या माणसाला अर्धा तास उथळ पाण्यात उभं राहून बुडबुडे काढायला सांगणं त्याच्या जिवावर येतं.

एक पर्याय माझ्या डोक्यात तेव्हा यायला हवा होता आणि आला नाही: आधी डॉक्टर. त्याविषयी शेवटी.

काय केलं

सुरुवात छातीभर पाण्यात. तोंड पाण्यात घालून नाकाने 'म्म्म' असं गुणगुणायचं. गुणगुणताना ओठ मिटलेले असले तरी हवा नाकातून जात राहते, आणि आवाज थांबला की श्वास रोखला हे स्वतःलाच कळतं. मला याहून चांगली खूण सापडलेली नाही. बुडबुडे मोजायला कुणी दुसरा लागतो, आवाज मात्र आपला आपल्याला ऐकू येतो.

मग बुडण्याचा सराव. सगळी हवा हळूहळू सोडायची आणि तळाशी जाऊन बसायचं. मालक पहिल्या दिवशी बुडेचनात. छातीत हवा कोंडलेली, लाकडासारखे वर. चौथ्या दिवशी तळाशी टेकले, वर आले, आणि म्हणाले, "भात्यासारखं आहे की हे. दाबल्याशिवाय भरत नाही." लहानपणी गावच्या लोहाराचा भाता त्यांनी ओढलेला. त्यानंतर मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

पण याच उपमेने एक नवी अडचण केली. मालक भाता पार चपटा होईपर्यंत दाबायला लागले. सगळी हवा पहिल्या हातातच बाहेर, मग पाय खाली, आणि तोंड वर येईपर्यंत छाती रिकामी. दोन आठवडे वेग उलट घटला. म्हणून दुरुस्ती केली: पाण्यात सतत, सावकाश गुणगुणणं, आणि तोंड बाहेर यायच्या क्षणी उरलेली थोडी हवा जोरात फुंकून टाकणं. ओठांवरचं पाणीही त्या फुंकरीने उडतं. बाहेर आल्यावर फक्त आत घ्यायचं.

मानेचं काम त्यानंतर. मालक श्वासासाठी डोकं उचलत. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग माणूस पाण्यातून नव्हे, पाणी ढकलत चढावर जातो. सायकल आणि धावण्याने घडलेले पाय तसेही जड, बुडणारे. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये पाय आपोआप तरंगताना दिसतात, पण ती मंडळी बहुतेकदा वेटसूटमध्ये, म्हणजे अंगाला तरंगतं ठेवणाऱ्या रबरी पोशाखात असतात. गोव्याच्या कोमट पाण्यात तो आधार गृहीत धरता येत नाही.

डोकं पुढे सरकतं तेव्हा कपाळापाशी पाणी फुगतं आणि गालाशेजारी खळगा पडतो. श्वास त्या खळग्यात घ्यायचा असतो. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर, तोंडाचा एक कोपरा जवळजवळ पाण्याला टेकलेला. हे पटवायला कुशीवर पडून किक मारण्याचा सराव घेतला, पायात फिन्स घालून: एक हात पुढे, कान खांद्यावर, सहा किक कुशीवर, एक हात फिरवून दुसऱ्या कुशीवर. शरीर वळलं की मान फारशी वळवावीच लागत नाही.

पुल-बॉय मी सहा आठवडे कपाटात ठेवायला लावला. तो पाय उचलून धरतो आणि मानेची चूक झाकतो. मालकांचं निम्म्याहून जास्त पोहणं त्याच्यावर झालेलं होतं.

फेब्रुवारीअखेर ५० मीटरच्या सोळा फेऱ्या, मध्ये २० सेकंद विश्रांती, गुणगुणणं न तुटता होऊ लागल्या. तीन हातांवर एक श्वास, आलटूनपालटून दोन्ही बाजूंना. पाण्याखालच्या चित्रफितीत बुडबुड्यांची सलग माळ. मला वाटलं, काम झालं.

मालवण, मार्च २०२४

फोंडा घाट उतरून आम्ही मालवणला गेलो. चिवला बीचवर सकाळी समुद्र शांत असतो. शेजारी एक होडी ठरवली, कमरेला टो-फ्लोट, म्हणजे मागे ओढायचा नारंगी फुगा, बांधला. मी बरोबर पोहत होतो.

अडीचशे मीटरपर्यंत सुंदर. तीनशेला मालकांचा हात अडखळला, साडेतीनशेला डोकं वर आलं, आणि ते फुग्याला धरून धापा टाकू लागले. चेहऱ्यावर तोच मिरामारचा भाव असणार. लाटा नव्हत्या. कुणाची लाथ नव्हती. पाणी नाकात गेलं नव्हतं. होडीत बसल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, आता फुंकतोय की मी."

फुंकत होतेच. मी त्यांच्या शेजारी पोहताना ऐकलं होतं.

रात्री खोलीवर बसून आकडे मांडले. मालकांचे हात मिनिटाला साधारण ६०. तीन हातांवर एक श्वास म्हणजे मिनिटाला २०. धावताना त्याच दमात ते ३६-३८ श्वास घेत, हे आम्ही आधी मोजलेलं होतं. म्हणजे प्रत्येक श्वास नीट असूनही श्वासांची संख्याच कमी पडत होती. तलावात हे उघड झालं नाही, कारण तिथे दर पंचवीस मीटरला भिंत होती आणि दर पन्नासला वीस सेकंदांची विश्रांती. ज्या भिंतीने मालकांना वर्षभर फसवलं, तिनेच मलाही तीन महिने फसवलं.

तीन हातांवर श्वास घ्यायला मी का लावलं? कारण दोन्ही बाजूंचा श्वास शिकवणं 'बरोबर' मानलं जातं, आणि सरावात ते चांगलंच आहे: शरीर दोन्हीकडे सारखं वळतं, रेघ सरळ राहते. पण शिकवण्याचं साधन मी स्पर्धेचा नियम करून टाकलं. लांब अंतराच्या शर्यतींत उत्तम पोहणारेही बहुतेक वेळ दोन हातांवरच श्वास घेतात. त्यांना हवा लागते, मग तीन महिन्यांपूर्वी पोहणं सुधारायला घेतलेल्या कारखानदाराला लागणार नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी, दोन हातांवर एक श्वास, फक्त उजवीकडे. हात तेवढेच, श्वास मिनिटाला ३०. पाचशे मीटर न थांबता. परतताना वारा उजवीकडून सुटला आणि लाटेचं पाणी तोंडात आलं, तेव्हा डावी बाजू का शिकायची हेही त्यांना आपोआप कळलं: नेहमीसाठी नाही, लाट किंवा ऊन ज्या बाजूला असेल तिच्याकडे पाठ करता यावी म्हणून.

पावसाळ्याचा पेच

इथे कॅलेंडरने गाठलं. स्पर्धा ऑक्टोबरअखेर. जूनपासून कोकणचा समुद्र बंद. १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. म्हणजे समुद्राचा सराव मेअखेर संपवायचा आणि पुढचे चार-पाच महिने त्याविना काढायचे. नदीचा विचारही नको, पावसाळ्यातली पंचगंगा सगळ्यांना माहीत आहे.

एप्रिल-मेमध्ये मालवणच्या आणखी तीन फेऱ्या केल्या. पहिल्या घबराटीनंतर पुन्हा त्याच पाण्यात जाणं लांबवू नये, असं माझं मत आहे. मालकांना वर्कशॉप सोडून येणं जड होतं, तरी आले.

पावसाळ्यात तलावातून भिंत काढून टाकली. म्हणजे भिंतीच्या तीन मीटर अलीकडे, तिला न शिवता वळायचं आणि परत फिरायचं. ढकलायला भिंत नाही, धरायला नाही, घसरत जाणं नाही. ऐकायला साधं आहे, करून पाहा. पहिल्या दिवशी ४०० मीटरही झालं नाही. ऑगस्टपर्यंत १५०० झालं. लेनमध्ये मुद्दाम तिघांना एकत्र सोडलं, बोटं पायाला लागतील इतकं जवळ. दिशा पाहण्यासाठी फक्त डोळे पाण्याच्या वर काढायचे, मगरीसारखे, आणि श्वास समोर न घेता त्याच हालचालीत बाजूला वळून घ्यायचा.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो पाठीवर पडण्याला. दम बिघडला, पाणी गिळलं, काहीही झालं, की लगेच पाठीवर. कान पाण्यात, नाभी वर, वीस श्वास, मग पुन्हा पालथं. शिट्टी वाजली की हे करायचं, कुठल्याही क्षणी. मी ती शिट्टी सरावाच्या मध्येच, सांगून न ठेवता वाजवत असे.

जुलैची चाचणी: ४०० मीटर ९ मिनिटं २४ सेकंद, २०० मीटर ४ मिनिटं २६. टिकाऊ वेग २ मिनिटं २९ सेकंद. सात महिन्यांत दर १०० मीटरला ३६ सेकंद, आणि आठवड्याचं एकूण अंतर आधीपेक्षा कमी होतं. सप्टेंबरात राजाराम तलावात, फुगा बांधून आणि सोबत दोघं घेऊन, १९०० मीटर ५४ मिनिटांत.

स्पर्धेचा दिवस

ऑक्टोबर २०२४, पुन्हा मिरामार. ठरवलेल्या गोष्टी चारच होत्या. सुरुवातीच्या रांगेत मागे उभं राहायचं. स्पर्धकांना थोड्याथोड्या अंतराने सोडतात आणि आपली मुदत आपण पाण्यात शिरल्यापासून मोजली जाते, त्यामुळे मागे राहून वेळ जात नाही. गर्दीच्या बाहेरच्या कडेने जायचं, चार हात जास्त पडले तरी. पहिले २०० मीटर गुणगुणणं ऐकू येईल इतक्याच वेगाने. आणि पाठीवर पडायची लाज वाटू द्यायची नाही.

दुसऱ्या वळणावर एका लाटेने तोंडभर खारं पाणी घातलं. खोकला सुटला. मालक पाठीवर पडले, वीस श्वास मोजले, पालथे झाले. एक कयाक जवळ आली होती, तिला त्यांनी अंगठा वर करून 'ठीक आहे' अशी खूण केली. वेळ ५७ मिनिटं ४० सेकंद. घड्याळात अंतर दोन किलोमीटरच्या वर दिसत होतं, कारण डाव्या वळणांवर ते बाहेर भरकटले. डावीकडचा श्वास अजून कच्चा आहे. सायकल आणि धावणं त्यांच्या हातचं होतं. साडेआठ तासांच्या मुदतीत ते आरामात पोचले.

आज वेगळं काय करेन

पहिली गोष्ट डॉक्टर. मी मालकांना वैद्यकीय तपासणीला पाठवलं ते मालवणनंतर, चौथ्या महिन्यात. ते पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. पाण्यात अचानक दम लागणं प्रत्येक वेळी तंत्राचं नसतं. दमा असू शकतो, हृदयाचं काही असू शकतं. पोहताना फुफ्फुसात पाणी उतरण्याचा एक प्रकार आहे, त्यात समुद्राचं पाणी आत जात नाही, शरीरातलंच द्रव फुफ्फुसात झिरपतं. रक्तदाब जास्त असणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. खोकला, छातीत घरघर, गुलाबी फेस, पाण्याबाहेर येऊनही न थांबणारी धाप, यातलं काहीही दिसलं तर सराव तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. मालकांचा इको आणि फुफ्फुसांची तपासणी ठीक निघाली, रक्तदाब मात्र काठावर होता आणि त्यावर डॉक्टरांची देखरेख सुरू झाली. चार महिने मी हे न पाहता त्यांना पाण्यात ठेवलं होतं. काही झालं नाही, पण तो माझा हिशेब नव्हता.

दुसरी, तीनचा हट्ट. दम मोजायची साधी रीत माझ्या हातात होती, धावतानाचे श्वास मी मोजले होते, तरी शेजारी पाण्यातले श्वास लिहून पाहिले नाहीत. आता पहिल्याच आठवड्यात दोन्ही आकडे एका ओळीत लिहितो.

तिसरी, भिंत. न शिवता वळण्याचा सराव मी जूनपर्यंत लांबवला. तो जानेवारीत, शंभर मीटरचा का होईना, घेतला असता तर मालवणची ती सकाळ बहुधा टळली असती. इथे मात्र माझं मन पूर्ण एका बाजूला नाही. श्वास कोवळा असताना आधार काढला तर माणूस जुन्या सवयीकडे पळतो. कदाचित फेब्रुवारी ही बरोबर वेळ ठरली असती.

चौथी गोष्ट मालकांनी सांगितली, मी नाही. मिरामारनंतर त्यांना "घाबरलात" म्हणणाऱ्यांत त्यांचा धाकटा भाऊही होता, त्याच विहिरीत शिकलेला. ते त्यांना फार लागलं होतं, इतकं की दोन महिने पाण्याकडे गेले नाहीत. बुडबुडे नसलेली ती चित्रफीत पाहिल्यावर त्यांना हलकं वाटलं होतं, हे मला वर्षानंतर कळलं. मी ती फक्त तंत्र दाखवायला वापरली होती.

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एक बाई आल्या, चाळिशीच्या, तलावात दीड किलोमीटर पोहणाऱ्या. म्हणाल्या, "सर, समुद्रात दमच पुरत नाही." डॉक्टरांचे कागद मागितले, मग फोन पाकिटात घातला आणि त्यांना सांगितलं, भिंतीला हात न लावता चार लांब्या जाऊन या. तिसऱ्या लांबीला त्यांचे गाल फुगले.